बाकाचं दुसरं टोक

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, असं माझं सहसा होत नाही. वीज कंपनीचं छापील पत्र आलं तरी ‘आपलं पत्र पोचलं’ एवढं मी कळवतो. पुतण्या हसतो. म्हणतो, "काका, ते पत्र नव्हे, बिल आहे." असेना. पाकिटावर आपलं नाव घालायला कुणाला तरी सवड झाली, एवढं मला पुरतं.

पण चौथीच्या बाईंचं पत्र बरेच दिवस पडून राहिलं. आधी शब्दकोशात ठेवलं. तो सारखा उघडावा लागतो म्हणून मग पेटीत, कपड्यांखाली. शाळा आमच्या दारातून दिसते. बाई रोज मला ‘या आजोबा’ म्हणायच्या आणि मी मान हलवायचो. तरीही त्यांनी पत्र टपालाने पाठवलं. समोर कुणी काही विचारलं की मी चपला शोधायला लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की मी वर्गात येऊन बसणं थांबवीन का.

उत्तर काय द्यायला हवं ते मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. म्हणून तर ते लिहिलं नाही.

हे नीट सांगायचं तर घरापासून सांगायला हवं. नीट जमेल याची खात्री नाही. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याने लिहिलेल्यातलं जास्तीचं काढायचं, चुकलेलं सुधारायचं आणि कागद पुढे सरकवायचा. स्वतः सलग चार पानं लिहायची वेळ कधी आली नाही. लग्न झालं नाही. नोकरी संपली तसा पुतण्या येऊन मला आणि माझ्या पुस्तकांना घेऊन गेला. त्याने मला जी खोली दिली तिच्यात पूर्वी वाख, म्हणजे तागाचे सोललेले धागे, ठेवत. अजूनही उशीला तागाचा वास येतो.

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं. घरामागे लांबलचक पत्र्याची पडवी आहे. तिच्या एका टोकाला चाक आणि आकडे, दुसऱ्या टोकाला दगड ठेवलेली फळी. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला वाख गुंडाळून, बोटांतून तो सोडत सोडत पाठमोरं मागे जायचं. माझे वडील असेच मागे चालत गेले, भाऊ गेला, आता पुतण्या जातो. मला लहानपणी एकदा चालवून पाहिलं होतं. मी खांबाला धडकलो. वडील म्हणाले, "याला पुस्तकं द्या." ते रागावून म्हणाले की कौतुकाने, ते अजून ठरलेलं नाही.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि ज्या तळ्यात आम्ही तागाच्या जुड्या भिजत घालतो ते तळं आटलं. ताग पाण्यात कुजल्याशिवाय त्याची साल सुटत नाही. जुड्या गाडीत घालून लांबच्या ओढ्यावर नेल्या, तिथेही पाणी घोट्याएवढं. वाख निघाला तो आखूड आणि ठिसूळ. वळताना मध्येच तुटायचा. तुटला की पुन्हा सांधा, पुन्हा पीळ. एका दोराला दोन दोरांची मेहनत पडू लागली. पुतण्या आणि सूनबाई दोघंही उजाडल्यापासून पडवीत. संध्याकाळी सूनबाई पातेलं दोन्ही मनगटांत धरून उतरवायची, कारण बोटं मिटायची नाहीत.

त्यांची एकच मुलगी. दोर वळणाऱ्यांच्या घरात एवढी बारीक पोर जन्मल्यावर तिचं नाव सुतळीच पडणार. ती लहान असताना ताप आला, आणि ताप गेला तेव्हा ऐकू येणंही गेलं. दोन वर्षं तिला मोठ्या शहरात, न ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, हातांनी बोलायला आणि थोडंफार ओठांवरून ओळखायला शिकली. शाळा चांगली होती. पण उन्हाळ्यात ती घरी आली आणि परत जायच्या दिवशी पडवीत चाकाच्या खांबाला तिने स्वतःला बांधून घेतलं. पुतण्या गाठ सोडवायला बसला. त्याला सुटेना. कापायला कोयती आणली, मग तीही बाजूला ठेवली आणि तिथेच तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "प्रवेश देत नाही असं मी म्हणत नाही. म्हणताही येत नाही. पण वर्ग भरलेला, बाई एकटी. घरचं कुणीतरी हिच्याशेजारी बसा. नाही निभलं, तर आपण वर्षअखेर विचार करू."

"विचार म्हणजे?" पुतण्याने विचारलं.

"वसतिगृह. दुसरा काय विचार असतो?"

सुरुवातीला सूनबाई जाऊन बसायची. मग तळं आटलं. एका सकाळी ती चहा देता देता पुतण्याला म्हणाली, "काका आहेतच की रिकामे." मग माझ्याकडे वळून जीभ चावली. "तसं नव्हे काका."

"तसंच आहे," मी म्हणालो.

चौथीचा बाक फार बुटका असतो. गुडघे हनुवटीला लागतात. सुतळी भिंतीकडच्या टोकाला, मी वाटेकडच्या. मी बसलो तेव्हा बाक करकरला आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसली. मागून लोहाराचा मुलगा म्हणाला, "आजोबा, कितव्यांदा बसताय चौथीला?"

"ए, गप्प," बाई म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं ते संध्याकाळी, तोंड धुताना. दुसऱ्यांदा, बाळा, पहिल्या वेळी तुझे आजोबा माझ्यापुढे बसायचे, फळाच दिसायचा नाही. चांगलं उत्तर होतं. ते कुणाला सांगणार? टॉवेलने तोंड पुसलं.

माझ्याकडे पाटी होती. बाई बोलतील ते मी पाटीवर लिहायचं, सुतळीने वाचायचं, मी पुसायचं, पुढचं लिहायचं. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की सुतळीला ओठ दिसत नसत, तेव्हा तर पाटीच. हे काम मला आलं. बाई एक वाक्य तीनदा बोलतात. मी एकदाच लिहायचो. बाई बोलता बोलता विषय सोडतात, कुणाला दरडावतात, खिडकीबाहेरच्या बकरीला हाकलतात. ते मी गाळायचो. पाटीवर येईल तो धडा आणि फक्त धडा. अक्षर वळणदार, विरामचिन्हं जागच्या जागी. पहिल्या चाचणीत सुतळीला बरे गुण मिळाले. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्यामुळे." मी चपला शोधू लागलो.

खरं सांगायचं तर ते दिवस मला गोड गेले. सकाळी भांग पाडायला कारण मिळालं. रस्त्यात शिंपी मशीन थांबवून विचारायचा, "काय विद्यार्थी, गृहपाठ झाला का?" किराणावाला म्हणायचा, "मास्तर, शाळा सुटली वाटतं." आधी मी त्यांच्या दुकानांवरून कैकदा गेलो होतो आणि त्यांनी मान वर केलेली मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत सुतळी आणि मी एकाच डब्यात खायचो. तिच्या शेजारी बसून मला कधी बोलावं लागत नसे, आणि बोललो नाही म्हणून कुणी वाईट वाटून घेत नसे. एवढी वर्षं मी अशाच सोबतीची वाट पाहत होतो की काय, कुणास ठाऊक.

संध्याकाळी सुतळी पडवीत चाकावर बसायची. तिथे ती वेगळीच मुलगी असायची. चाकाचा खडखडाट आणि पत्र्यावरचा वारा यांत या टोकाचं त्या टोकाला काही ऐकू जात नाही. म्हणून आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सगळं बोलणं दोरावरूनच चालतं. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे फिरव. आणि दोर हलकेच थरथरवला तर, इकडे बघ. मग बघणाऱ्याला हाताने, मानेने काय ते सांगायचं. पुतण्याच्या बोटात पेड तुटायला लागला की त्याच्या आधी सुतळीचं चाक थांबायचं. बाप लांबून दोर थरथरवायचा, ती बघायची, तो वाकडं तोंड करून दाखवायचा, ती फिदीफिदी हसायची. मी बाजूला बसून वाखातल्या गाठी सोडवायचो. सोडवलेल्यापेक्षा माझ्याने नवीन जास्त पडायच्या. सूनबाई मागून हळूच पुन्हा सोडवायची, मला दिसणार नाही अशी. मला दिसायचं.

वर्गात पहिली गोष्ट खटकली ती मला नाही, बाईंना. बाईंनी विचारलं होतं, "पाणी उकळलं की वाफ जाते कुठे?" लोहाराचा मुलगा उठून म्हणाला, "आमच्याकडे भिंतीवर जाते आणि मग आई माझ्यावर ओरडते." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. सुतळीने सगळीकडे पाहिलं, माझी बाही ओढली, भुवया वर केल्या. काय?

मी पाटीवर लिहिलं, ‘काही नाही.’ आणि खाली लिहिलं, ‘वाफेचे पुन्हा पाणी होते.’ बाई हसायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या.

आता तो विनोद लिहून होईपर्यंत थंड झाला असता. लिहिलेल्या विनोदाला तसंही कुणी हसत नाही. शिवाय परीक्षेत तो येणार नव्हता. छापखान्यातही मी असलं काढूनच टाकायचो. सुरुवातीला सुतळी प्रत्येक वेळी बाही ओढायची. मी प्रत्येक वेळी ‘काही नाही’ लिहायचो. हळूहळू तिने ओढायचं सोडलं. वर्ग हसला की ती पाटीकडे बघत बसायची. मला वाटलं, रुळली.

शिंप्याची मुलगी पुढच्या बाकावर. एकदा मधल्या सुट्टीत ती आली. सुतळी तिच्यापासून हातभर लांब उभी होती. शिंप्याची मुलगी मला म्हणाली, "आजोबा, तिला विचारा ना, पकडापकडी खेळायला येते का?"

मी पाटी काढली. लिहिलं. सुतळीने वाचलं आणि जोराजोरात मान डोलावली. तोवर बाहेर गडी वाटून झाले होते.

"उद्या हं," शिंप्याची मुलगी म्हणाली. तेही मलाच.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. चार-सहा दिवसांनी पत्र आलं.

‘आजोबांस नमस्कार. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्यासारखा मदतनीस मला मिळणार नाही. पण मी बोलते तेव्हा तुमच्याकडे बघून बोलते, मुलं विचारतात ती तुम्हाला विचारतात, आणि सुतळी बघते ती तुमच्या पाटीकडे. एवढ्या दिवसांत ती एकाही मुलाशी भांडलेली नाही. मला याची काळजी वाटते. ती एकटी बसली तर मी फळ्याकडे पाठ करून बोलायची सवय लावून घेईन. जमेल की नाही सांगता येत नाही. मुख्याध्यापकांना मात्र लेखी हवं. वर्गातले पालक म्हणून तुमचं नाव आहे. तुमची तयारी असेल तर महिनाअखेरच्या आत तसं लिहून द्या.’

सवय असूनही मी त्यात एकही चूक शोधली नाही. शोधून सापडली नसती. पेटी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी भांग पाडून बाकावर जाऊन बसलो. बाईंनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रोज त्या ‘या आजोबा’ म्हणायच्या आणि जरा थांबायच्या. मग मी पाटी पुसायला घ्यायचो, ती कोरी असली तरी.

स्वतःला मी सांगायचो की हे सुतळीसाठीच आहे. ती एकटी बसली आणि मागे पडली तर? तर वसतिगृह. तर पुन्हा खांब आणि पुन्हा ती गाठ. कारण खरं होतं. पण त्या कारणाआड मी किती आरामात बसलो होतो, हेही मला कळत होतं. बाक बुटका असला तरी.

महिना संपत आला आणि सूनबाईच्या तळव्यात वाखाचं कुसळ गेलं. हात सुजला, पिकला. तंबूवाल्याचे दोर द्यायचे होते, त्याची गाडी यायचा दिवस ठरलेला. सूनबाई डाव्या हाताने चाक फिरवायला बसली. पुतण्या मागे चालणार. फळीच्या टोकाला माणूस हवा होता.

"काका, दोन दिवस तुम्हीच उभे राहा," पुतण्या म्हणाला. "फार काही नाही. तीन पेड एकत्र वळताना दोर आखडतो, तशी फळी पुढे सरकते. ती हळू सरकू द्यायची. मी झटका दिला की धरायची. बस."

"आणि हिची शाळा?"

"जाईल एकटी," सूनबाई म्हणाली. "मुख्याध्यापक सभेला गेलेत. दोन दिवसांनी काय होतंय?"

सुतळी दप्तर घेऊन निघाली. जाता जाता पडवीतल्या टाकाऊ ढिगातून तिने बारीक दोरीचं एक मोठं भेंडोळं उचललं आणि दप्तरात कोंबलं. मला वाटलं, खेळायला.

मी फळीपाशी उभा राहिलो. तळहाताला दोराचा थरकाप लागत होता, जिवंत जनावर धरल्यासारखा. आता वर्गात काय चाललं असेल? भूगोल. बाई नकाशाकडे तोंड करून बोलत असतील आणि ती नुसतीच त्यांच्या पाठीकडे बघत असेल. पाटी घरीच राहिली की काय? हाताला काहीतरी लागलं. झटका होता का? एक की दोन? विचार करेपर्यंत फळी सरकली, दोर सैल पडला आणि तिन्ही पेड एकमेकांवर चढून वेटोळी घालून बसले.

पुतण्या चालत माझ्यापर्यंत आला. दोर हातात घेऊन बघितला. सकाळपासूनचं काम होतं.

"काका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "हाताला कळलं की धरायचं. डोक्याला विचारायला जायचं नाही."

"हो."

"डोकं लांब असतं तुमचं."

चाकावरून सूनबाई ओरडली, "अहो, काय बोलताय त्यांना?" तिला तिकडे ऐकू आलेलं नव्हतं, पण दिसलं होतं.

दोघांनी मिळून तो दोर उलगडला. मी बाजूला उभा होतो. मदत करू का, असं विचारायचं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा राहिलं.

शाळा सुटून बराच वेळ झाला तरी सुतळी आली नाही. आली तेव्हा गुडघा खरचटलेला, एक वेणी सुटलेली, आणि पळत आल्यामुळे धाप लागलेली. मी पाटी घेऊन दारातच बसलो होतो. तिला जवळ बसवून लिहिलं, ‘आज वर्गात काय झाले?’

तिने वाचलं. जरा विचार केला. माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘काही नाही.’

पुढे पूर्णविराम होता. मी देतो तसा, ठळक.

मग ती उठून पडवीत गेली. आई चाकाशी बसली होती. सुतळीने ताणलेला दोर हलकेच थरथरवला, आईने बघितलं, आणि पोर दोन्ही हातांनी, डोळ्यांनी, खांद्यांनी काहीतरी सांगायला लागली. कुणाचं तरी धपकन पडणं दाखवलं. कुणाची तरी चाल काढून दाखवली. सूनबाई सुजलेला हात छातीशी धरून मान मागे टाकून हसली. तिकडून पुतण्या म्हणाला, "काय गं, आम्हालाही सांगा." तिने खुणेने त्याला सांगितलं. तोही हसला.

मी पाटी मांडीवर घेऊन बसलो होतो. ते दोन शब्द पुसायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही शाळेतच जा कसे. इथलं मी फळीवर जास्त दगड ठेवून भागवतो." माझ्याऐवजी दगड. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. दगड बरेच होते.

आवरून जाईपर्यंत उशीर झाला. वारा सुटला होता, रस्त्याभर धूळ. चौथीच्या खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. वर्ग भरलेला असताना दार वाजवून आत जायचं म्हणजे सगळी तोंडं आपल्याकडे वळणार. मी खिडकीपाशी थांबलो. जरा शांत झालं की जाऊ, म्हणून. काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

माझ्या टोकाला शिंप्याची मुलगी बसली होती.

आणि वर्गभर आमची दोरी होती. बाकांच्या पायांना वळसे घेत घेत ती प्रत्येक बाकापाशी गेली होती, आणि तिचं शेवटचं टोक सुतळीच्या मनगटाला होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलायला उठला. आधी त्याने वाकून दोरी थरथरवली, मग हात वर केला. सुतळीने मान वळवली, हात शोधला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुढच्या कोपऱ्यातून कुणी थरथरवली. ती तिकडे वळली. कोण बोलतंय, हे तिला त्या वेळीच कळत होतं. मी जेव्हा लिहायचो तेव्हा कोण बोललं हे मी कधी लिहिलंच नव्हतं. धड्याला त्याची गरज नव्हती.

फार सुरेख चाललं होतं असं नाही. दोरी एका दप्तरात अडकली. बाई चिखलातून चालावं तसे पाय उचलून चालत होत्या, आणि दोनदा फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या, मग कपाळावर हात मारून वळल्या. लोहाराच्या मुलाने उगीचच दोरी ओढली. सुतळीने बघितलं, तो साळसूदपणे वर छताकडे बघत होता. तेव्हा तिने मनगटाला एक वेढा देऊन असा हिसका मारला की तो बाकावरून खाली. मला कालचं ते धपकन पडणं आठवलं.

मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळा वर्ग हसला. तोंडं उघडलेली, डोकी बाकांवर टेकलेली, बाई टेबलाला धरून हसताहेत. आवाज नाही. मी काचेला नाक लावलं. काय? सुतळीने शिंप्याच्या मुलीला कोपराने ढोसलं. शिंप्याच्या मुलीने तिच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, बोटांनी काहीतरी दाखवत, पुन्हा सांगितलं. सगळ्यांचं हसून झाल्यावर सुतळी एकटी हसली. तिचं ते मोठं, घोगरं हसणं, जे तिचं तिला ऐकू येत नाही. त्यावर वर्ग पुन्हा हसला, आणि तीही पुन्हा.

"आजोबा, तुम्ही बाहेर कसे?" सभेहून परतलेले मुख्याध्यापक शेजारी उभे होते.

"उशीर झाला."

"मग आत जा की. शेजारी बसायचं असं ठरलंय आपलं." त्यांनी काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे दोरीचं काय प्रकरण?"

"आमच्या घरातली आहे."

"पोरं अडकून पडतील."

"पडतील," मी म्हणालो. "उठतील."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी त्यांच्याशी एवढं पूर्वी कधी बोललो नव्हतो. घसा खाकरून ते म्हणाले, "बाई म्हणत होत्या, तुमचा कागद यायचाय म्हणून. कागद आला तर मी वर्षभर आड येत नाही. नाही आला तर सोमवारपासून तुम्ही किंवा तिची आई, कुणीतरी त्या बाकावर दिसलं पाहिजे. नाहीतर मग ते दुसरं."

"तोंडी चालेल?"

"तोंडी मी दिवसभर ऐकतो. त्यातलं संध्याकाळी काही उरत नाही."

ते गेले. मी पुन्हा काचेकडे वळलो तेव्हा सुतळी माझ्याकडेच बघत होती. मी हात वर केला. तिनेही केला, अर्धाच. तेवढ्यात दोरी थरथरली असावी. ती वळली आणि मागच्या बाकाकडे बघायला लागली. मी हात खाली घेतला. रस्त्याने येताना शिंपी म्हणाला, "काय विद्यार्थी, आज लवकर सुटली?"

"मला सोडलं," मी म्हणालो.

दुपारी जेवताना मी पत्र पेटीतून काढून पुतण्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, सूनबाईला वाचून दाखवलं. मग घडी घालून परत माझ्यापुढे ठेवलं.

"एवढे दिवस ठेवलंत?" पुतण्या म्हणाला.

"हो."

"कमाल आहे. बिलाला त्याच दिवशी उत्तर देता."

सूनबाईने त्याला डोळ्यांनी दाबलं. मग मला म्हणाली, "पण काका, मग दिवसभर तुम्ही काय करणार?"

हा प्रश्न मला कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. "वाख विंचरीन," मी म्हणालो.

"जमेल तुम्हाला?"

"नाही."

ती हसली. सुजल्या हाताने भांडं जवळ ओढत म्हणाली, "मग बसा माझ्यासमोर. गाठी पाडा, मी सोडवते."

खोलीत जाऊन लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, त्यात मी माझ्याबद्दलच फार लिहिलं होतं. दुसरा फाडला, तो अर्जासारखा झाला होता. तिसरा बरा उतरला. ‘आपलं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण मी होतो, सुतळी नव्हे. ती एकटी बसेल. तिच्या आईवडिलांची आणि माझी याला संमती आहे. काही अडलं तर आम्ही पडवीत असतो, मुलांपैकी कुणालाही पाठवावं. दोरी तुटली तर कळवावं, घरात पुष्कळ आहे.’ खाली सही केली.

आणि सहीखाली हाताने आपसूक एक ओळ लिहिली. ‘गुरुवारी सकाळी सगळे कशाला हसलात? खिडकी बंद होती.’

वाचून बघितलं. मुख्याध्यापकांपुढे जायचा कागद. त्या ओळीचं त्यात काही काम नव्हतं. जन्मभराच्या सवयीने तिच्यावर आडवी रेघ मारली. कागद खराब दिसायला लागला, म्हणून चौथा घेतला आणि पुन्हा सगळं स्वच्छ लिहून काढलं. सही केली. पेन खाली ठेवलं. पाटी टेबलावरच होती, त्यावरचे ते दोन शब्द अजून तसेच होते.

मग पेन उचललं आणि ती ओळ सहीखाली पुन्हा लिहिली. शेवटी जोडलं, ‘कुणी सांगितलं तेही कळवावं.’

शाळा दारातून दिसत होती. सुतळीच्या हाती दिलं असतं तरी चाललं असतं. पण मी तिकीट लावलं, बाईंचं नाव घातलं आणि चौकातल्या पेटीपर्यंत चालत गेलो. वाटेत किराणावाल्याने मान वर केली नाही. गिऱ्हाईक होतं. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सारून मी जरा वेळ धरून राहिलो. मग सोडलं.